डिझाइनांची वाटणी

बेळगावच्या शहापुरातले माझ्या माहेरचे माग माझ्या दोन्ही भावांनी वाटून घेतले, तेव्हा फारसा आवाज चढला नाही. अडलं ते साड्यांच्या डिझाइनांवर. काठ, पदर, बुट्ट्या असं सगळं मीच लग्नाआधीपासून कॉम्प्युटरवर काढत आले होते आणि ते घरच्या फोटोंसकट तिथल्याच एका जुन्या मशीनमध्ये साठलेलं होतं. दोघांनाही सगळंच हवं होतं. एकाचा दुसऱ्यावर विश्वास मात्र उरला नव्हता. शेवटी ते काम माझ्यावर आलं.

मी बेळगावात जाऊन दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणल्या. दुकानदार एक मोठी, एक लहान घ्या म्हणत होता. मी दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या घेतल्या. रंगसुद्धा एकच. घरी प्रत्येकीचे दोन भाग पाडले, एकात डिझाइनं, दुसऱ्यात घरचे फोटो. मग लॅपटॉप बरोबर घेऊन माहेरी गेले.

जुनं मशीन सुरू केलं तर आतून टकटक ऐकू येऊ लागलं. आतली जुनी डिस्क थकली होती. दोघे भाऊ, थोरला अण्णा आणि धाकटा, माझ्या पाठीमागे खुर्च्या टाकून बसले होते. मी सांगितलं, हिच्यावर आता जास्त भार नको. एकदाच सगळं अण्णाच्या डिस्कवर घेते, दुसरी प्रत तिच्यावरूनच लॅपटॉप लावून करू.

अण्णाचं भरून झालं. मी धाकट्याची डिस्क लॅपटॉपला लावायला गेले, तर त्यानं हात मध्ये घातला.

"आक्का, माझं मूळ मशीनवरनंच घे. त्याच्या डिस्कवरचं मला नको."

मी परत समजावलं. तो ऐकेना. अण्णाही म्हणाला, घेऊ दे त्याला तसंच.

मी वायर जोडली. हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. अर्ध्यावर थांबली. आतली टकटक वाढली, मग एकदम बंद झाली आणि पडदा काळा पडला. मी मशीन पुन्हा सुरू करून पाहिलं. आत डिस्क आहे हेच त्याला कळेना.

आता सगळं एकट्या अण्णाकडे होतं. धाकट्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि भांडण कायमचं होऊन बसणार. अण्णानं आपली डिस्क उचलली. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

त्यानं ती धाकट्याच्या मांडीवर ठेवली. "घरी घिऊन जा. तुझं भरून झालं की आणून दे."

धाकट्यानं ती हातात घेतली. मग माझ्याकडं सरकवत म्हणाला, "हितंच कर, आक्का. दोघांच्या म्होरं."

मी लॅपटॉपवर प्रत केली. त्यानं दोन-चार डिझाइनं उघडून बघितली आणि नंतर बघायचं सोडून दिलं. वहिनीनं चहा आणला, तो आम्ही तिघांनी प्यायला. बोलणं पावसापलीकडं गेलं नाही.

धंदे वेगळे झाले ते झालेच. आजही दोघांचे व्यापारी निराळे आहेत. पण नवा काठ काढला की मी तो एकाच वेळी दोघांना पाठवते, आणि आधी कुणाला पाठवला असं अजून कुणी विचारलेलं नाही.