राजाचे पाय आणि आमची फरशी

घर बांधायला काढलं की विटांआधी किस्से गोळा होतात. त्यात घरात दोन कुत्री असली तर विचारूच नका! "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून" असं म्हणणाऱ्यानं कुत्री पाळली नव्हती, एवढं नक्की.

आमच्याकडे म्हातारा राजा आणि दांडगट बंड्या. जुन्या घरात शहाबादी फरशी होती. बंड्याचे पराक्रम तिच्या फटींत मुरायचे आणि मी फिनेल ओतून ओतून हैराण व्हायची. राजाचं दुखणं वेगळं. त्याचे मागचे पाय अधू झाले होते. कुत्र्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "वैनी, आता ह्यो जोरात घसरला तर परत उठायचा न्हाय."

म्हणून नव्या घरात मला न मुरणारी आणि न घसरणारी फरशी हवी होती. आमच्या साहेबांना, म्हणजे नवऱ्याला, हवी होती चकाचक!

*

पहिल्याच दुकानात मी सांगितलं, "पाय घसरणार नाही, नखांनी चरे पडणार नाहीत आणि पुसायला सोपी, अशी दाखवा."

दुकानदार खूश. "गोठा केवढा हाय, वैनी?"

"गोठा नाही हो, हॉल आहे. आमची कुत्री असतात."

"हॉलमधी?"

"हो."

"आन् किचनमधी?"

"तिथंही."

त्यानं टेप गुंडाळून ठेवली. "मग तुमी कुठं ऱ्हाताय?"

साहेब त्याच्याबरोबर खो खो हसले. मी बघितल्यावर थांबले.

*

चकाचक फरशीचं वेड जयसिंगपूरहून आलं होतं. तिथं नणंदेनं नवीन घर बांधलं होतं. आम्ही कुत्र्यांसकट बघायला गेलो.

बंड्याला हॉलमध्ये मांजर दिसलं. मांजर पळालं, बंड्या पळाला. मांजर वळलं, बंड्या वळला नाही! चारी पाय ताठ, तसाच सरकत सोफ्याखाली. नणंदेच्या मुली टाळ्या पिटत होत्या.

राजानं मात्र उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं आणि त्याचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले. ओरडला नाही. नुसता माझ्याकडे बघत बसला. आम्ही त्याला चादरीत घालून बाहेर आणलं. मला रडूच फुटलं.

परतताना साहेब गाडीत गप्प होते. मला वाटलं, चला, पटलं एकदाचं! शिरोलीचा नाका आला तसे म्हणाले, "फरशीत चेहरा दिसत होता बघ!"

*

मी खरखरीत फरशीचा नमुना घरी आणला. साहेबांनी लगेच खोडा घातला. "असल्या फरशीवर डाग बसतो. टेस्ट घेऊ."

रविवार होता, मटण झालं होतं. त्यांनी नमुन्यावर पळीभर तांबडा रस्सा ओतला आणि फरशी परसात ठेवली. "संध्याकाळी पुसून बघायचं."

संध्याकाळी बघतो तर फरशी लख्ख! कुणी फडकंसुद्धा लावलं नव्हतं. मी म्हटलं, "बघा, डागाचं नाव नाही!" तेवढ्यात तुळशीमागून बंड्या आला. जीभ बाहेर, नाक गळतंय, पोट गुडगुडतंय.

सासरे, आमचे मामंजी, जुने पैलवान. काठी टेकत आले आणि म्हणाले, "परीक्षा फरशीची हुती, पेपर कुत्र्यानं लिवला की!"

पुढचा निकाल मात्र घरभर मीच पुसत फिरले.

*

शेजारच्या काकूंनी तर कळसच केला. "फरशी जलमभर ऱ्हाती गं. ते म्हातारं कुत्रं किती दिस ऱ्हाणार हाय? थांबा की जरा!"

साहेबांना ते पटलं! त्या दिवशी त्यांनी चहा स्वतः करून घेतला.

*

एवढं सगळं होऊन शेवटी टेम्पो आला तो चकचकीत फरशीचाच. साहेबांनी मला न सांगता ऑर्डर दिली होती! मी भयंकर संतापले.

मामंजी ओट्यावर बसले होते. पायऱ्या चढताना कुणी आधाराला हात पुढे केला तरी खेकसणारा माणूस. ते उठले. म्हणाले, "एक खोकं फोडा."

चार फरश्या अंगणात मांडायला लावल्या. वर तांब्याभर पाणी ओतलं.

साहेब म्हणाले, "राजाला आणू का?"

"त्येला कशाला? त्येला चार पाय हायत."

मामंजींनी चपला काढल्या, काठी भिंतीला टेकवली आणि ओल्या फरशीवर टाकायला पाय उचलला.

साहेबांनी झडप घालून त्यांचा दंड धरला. "अण्णा!"

मामंजींनी हात झटकला नाही.

"मला तू धरलास. राजाला कोण धरनार हाय?"

साहेबांनी दंड सोडला नाही. टेम्पोवाल्यानं दोघांकडे बघितलं आणि अंगणातल्या फरश्या भरून फोडलेलं खोकं परत दोरीनं बांधायला घेतलं.