बिनभुकेचे दिवस

मंगळवार पेठेत आमची खानावळ आहे. नवऱ्याच्या माघारी मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी ती चालवतो. आमटीत मीठ बरोबर पडलं का, हे मी कधी चाखून बघितलं नव्हतं. साडेअकराला माझ्या पोटात खड्डा पडायचा, आणि त्या भुकेल्या पोटी नुसता वास घेतला तरी कळायचं.

दोन वर्षांपूर्वी माझं मन खचलं. कारण विचाराल तर सांगता येत नाही. भाकरी थापताना डोळ्यांतून पाणी गळायचं, झोप उडाली होती. जावेनं मला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली. सुरुवातीला मळमळेल, भूकही कमी होईल, पण आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, असं बजावलं.

महिन्याभरात रडू थांबलं. पण घरात काहीतरी कमी आहे असं वाटायला लागलं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडल्यावर खोली जशी वाटते, तसं. मी गॅस बघायची, नळ बघायची, कपाटाचं कुलूप ओढून बघायची. सगळं जागच्या जागी असायचं.

मग एक एकादशी आली. दर उपासाला दहा वाजताच माझा जीव कासावीस होतो. त्या दिवशी संध्याकाळी जावेनं खिचडी पुढं केली तेव्हा मला आठवलं की आज उपास आहे. दिवसभरात पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं आणि पोटानं एकदाही विचारलं नव्हतं. काय कमी होतं, ते मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मला माणसं जेवताना बघायची भीती वाटायला लागली. खानावळीत पंगत बसली की मी दारात उभी राहून हलणारे जबडे बघायची. ही माणसं एवढं कशासाठी चावतायत, असं मनात यायचं. आमटी मात्र पहिल्यासारखीच होत होती. सगळे मागून घेत होते. माझे हात माझ्यावाचून स्वयंपाक करत होते.

एका दुपारी जावेनं विचारलं, जेवलासा का? मी म्हटलं, मघाशीच जेवले, भाकरी आणि वांगं. मला तो घास आठवत होता, वांग्याचं देठ बाजूला काढल्याचंही आठवत होतं. ती आत गेली आणि झाकलेलं ताट घेऊन आली. भाकरी कडक झाली होती. वांगं देठासकट तसंच होतं.

"अक्का, हे कालचं ताट हाय," ती म्हणाली. "तुमी शिवला बी न्हाईसा. आज तर वांगं केलंच न्हाई."

मी ताटाकडे बघत राहिले. मग जेवलं कोण होतं?

डॉक्टरीणबाईंनी आधी माझं वजन बघितलं. नंतर त्यांनी समजावलं, की मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य असतं. ते मन सावरतं आणि पोट भरल्याचा निरोपही पोचवतं. गोळीनं त्याचा जोर वाढला होता.

"तुमचं पोट रिकामंच आहे," त्या म्हणाल्या. "पण मेंदू पहिल्या घासाआधीच बास म्हणतोय."

जेवल्याचं का आठवलं, हेही मी विचारलं. रोजची सवय असेल, म्हणाल्या. त्यांनी गोळी अर्धी केली आणि भूक असो वा नसो, घड्याळ बघून जेवायला सांगितलं. जाऊ समोर बसून मला एकेक घास मोजून खायला लावायची. चुना खाल्ल्यासारखं लागायचं.

तीनेक आठवड्यांनी मी एकटीच लसूण सोलत बसले होते. खोलीत कुणीतरी हलक्या आवाजात कुरकुरलं. मी दचकून मागं बघितलं. कुणी नव्हतं. पुन्हा आवाज आला, तेव्हा तो माझ्याच पोटातून येतोय हे कळलं. मी तशीच उठले आणि उभ्या उभ्या पिठल्याबरोबर भाकरी खाल्ली, मग दुसरी घेतली. डोळ्यांत पाणी होतं, पण हे पाणी वेगळं होतं.

दुसरी भाकरी निम्मी राहिली आणि आतून कुणीतरी बास म्हणालं. हात थांबला. पूर्वी मी त्या आवाजाकडे लक्षही दिलं नसतं. त्या दुपारी मात्र तो भरल्या पोटातून आला की गोळीतून, हे ऐकत मी बराच वेळ तिथंच उभी राहिले.