विमानात नेलेला जीपीएस

डोंबिवलीहून निघालो तेव्हा सोबत एक बॅग आणि मुठीत मावणारा माझा जुना जीपीएस होता. जमिनी मोजण्यात माझी नोकरी सरली, त्यातलंच हे यंत्र. दर खंडेनवमीला सुमन, माझी बायको, त्याची पूजा करायची. गेल्या नवमीचं कुंकू अजून त्याच्या पाठीवर होतं, तिच्या बोटाएवढं. दिवाळीनंतर ती गेली. विमानातून आपलं घर कुठे येतं ते मला यावर दाखवा, असं ती नेहमी म्हणायची. आता लेकीकडे नागपूरला मी एकटाच निघालो होतो.

गाडी पुतण्याची. शिळफाट्याला तासभर अडकलो आणि तो घायकुतीला आला.

"काका, ते लाल पुसून टाका ना. पावडर दिसली की साइडला घेतात, फ्लाइट जाईल."

हे यंत्र जवळ ठेवायला परवानगी आहे, मी विमान कंपनीला दोनदा फोन करून विचारलंय, असं त्याला सुनावलं. पण जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस मी. विमानतळावरच्या रांगेत हातरुमाल ओला केला आणि पुसलं.

तपासणीतल्या जवानाने यंत्र चालू करायला लावलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. मग त्याची नजर रुमालावर गेली.

"पूजेचं होतं का काका?"

मी मान हलवली.

"मग पुसलं कशाला? नवमीला आम्हीपण हत्यारांना लावतो."

स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

विमान वर जाऊन स्थिर होईपर्यंत यंत्र बंद ठेवा, असं हवाईसुंदरीने सांगितलं. मी ठेवलं. नंतर ते खिडकीशी धरलं, उपग्रह सापडेपर्यंत त्यात नोंदवून ठेवलेलं 'घर' नव्वद किलोमीटर मागे पडलं होतं. खाली नुसता धुरकट उजेड होता. शेजारचे गृहस्थ झोपले होते.

नागपुरात लेकीने सांबारवडी (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) केली. वडी छानच असणार, मला चव लागली नाही. चार दिवस राहिलो. ऊन फार होतं, संध्याकाळी तलावावर जाऊन बसायचो.

परत आल्यावर दारातच यंत्र लावून पाहिलं. घर, तीन मीटर. कुलूप काढून आत गेलो आणि बॅग उघडली. कपड्यांवर तो हातरुमाल होता, लेकीने धुऊन, इस्त्री करून ठेवलेला, पांढरा स्वच्छ.

रात्री लेकीचा फोन आला. नीट पोचलो, एवढंच सांगितलं. तिने फक्त धुतला होता, पुसलं होतं मीच.