पालथी पट्टी

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साळवेकाका इस्त्रीचा शर्ट घालून लाकडाच्या वखारीत जायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. आजारी नातेवाइकाला भेटून आल्यासारखा चेहरा असायचा. फाटकाशी मी दिसले की स्वतःहूनच सांगायचे, "सागवान बघून आलो, बाई. अजून चढतंच हाय." आतून काकूंचा आवाज यायचा, "लोकं सोन्याचा भाव विचारून येतात, आमच्याकडं लाकडाचा!" काका चप्पल काढता काढता म्हणायचे, "सोन्याला कुठं रंधा मारता येतो?"

आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी शाळेत मराठी शिकवत असे, म्हणून दोघंही मला बाई म्हणत. काका चितेगावच्या एका ओतकामाच्या कारखान्यात तीस वर्षं पॅटर्नमेकर होते. म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं होतं. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा तयार होतो आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. हे नमुने ते सागवानात करत. कारखान्यात लाकूड मागेल तेवढं मिळे, भाव विचारायची वेळच आली नव्हती. निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी पहिली फळी घ्यायला गेले, त्या दिवसाबद्दल ते सांगत, "भाव ऐकला आन् मालकाला म्हणलं, आधी बसायला स्टूल द्या."

घरामागे त्यांची पत्र्याची शेड होती. तिथल्या भिंतीवर दोन खिळे आणि दोन खिळ्यांवर दोन पोलादी पट्ट्या. एक साधी, दुसरी कारखान्यातली. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून त्या पट्टीवरचे इंचच मुळात मोठे आखलेले असतात, फुटामागे एक सूत जास्त, म्हणजे इंचाचा आठवा भाग. काका तिला खोटी पट्टी म्हणत. "खोटी हाय, पण आमची सगळी खरी कामं हिनंच झाली," हेही लगेच जोडत.

निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी काकूंसाठी ओट्याखाली सरकवायचं मांडणीचं कपाट केलं. हाताच्या सवयीने मापं खोट्या पट्टीने आखली गेली. कपाट झालं देखणं, पण ओट्याखाली जाईना. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तीस वर्षं लोखंडाला वाढवून दिलं, आता माझ्या ओट्याला पण!" काका खाली वाकून बराच वेळ बघत राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "थांब जरा. थंड झालं की बसंल." ते कपाट शेवटपर्यंत ओट्याच्या बाहेर उभं राहिलं. तेव्हापासून खोटी पट्टी खिळ्यावर कायम पालथी, आकड्यांची बाजू भिंतीकडे करून टांगलेली असे. घाईत हाताला आली तरी माणूस क्षणभर थांबावा म्हणून.

कारखान्याची आणखी एक सवय त्यांच्याबरोबर घरी आली होती. प्रत्येक कामाची ते चिठ्ठी करत आणि काम झालं की तिच्यावर जाड पेन्सिलीने शेरा लिहून ती तारेत ओवत. पोळपाट केला तरी चिठ्ठी. मुलांच्या वह्यांवर शेरे लिहिण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मला त्या वाचायला फार आवडे. ओट्याच्या कपाटाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "शेरा: अजून थंड झालं नाही."

माझ्या वरच्या खोलीत भिंतीत एक खोलगट जागा आहे. तिथे प्लायवुडच्या फळ्यांवर वडिलांची पुस्तकं होती. एका उन्हाळ्यात शाळेच्या परीक्षांच्या गडबडीत मी तिकडे बघितलं नाही, आणि बघितलं तेव्हा वाळवीने दोन फळ्या आणि जवळजवळ तीस पुस्तकं आतून खाल्ली होती. उरलेली मी जमिनीवर रचून ठेवली. काकांना सांगितलं तर ते प्लायवुडचा तुकडा बोटांत चुरत म्हणाले, "हे लाकूड नाय, बाई. भुश्याचं थालीपीठ हाय. तुम्हाला सागवानच पाहिजे."

मग एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर वखारीत गेले. मालक हमीदभाई खुर्चीतूनच म्हणाले, "आओ साळवे साब! बाई को भी लाए? अब दो लोगां भाव पूछेंगे, लेंगे कोई नहीं." काका हसले आणि थेट सागवानाच्या थप्पीकडे जाऊन फळीवर हात फिरवू लागले. "फेरो, फेरो," हमीदभाई म्हणाले, "हाथ फेरने का अभी तक कुछ नहीं लगता." त्यांनी घनफुटाचा भाव सांगितला. मी मनात माझ्या चार फळ्यांचं गणित केलं आणि पर्सची चेन लावून टाकली. हमीदभाईंनी परदेशातून आलेलं स्वस्त लाकूड दाखवलं. काकांनी त्यावर टिचकी मारून ऐकलं. बाहेर पडल्यावर म्हणाले, "जहाजातनं आलंय ते. त्याला इथलं ऊन ठाऊक नाय. मे महिन्यात बघा कसं अंग चोरतं."

त्यानंतर वर्षभर माझी बचत आणि सागवानाचा भाव यांची शर्यत चालली आणि भाव नेहमी पुढे राहिला. "झाडाला वाढायला साठ वर्षं लागतात, भावाला साठ दिवस," काका म्हणत. त्यांच्या बोटांना आता थोडा कंप सुटला होता. रंधा धरला की तो थांबे, चहाचा कप धरला की परत येई. एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "बाई, तुमचं काम हे माझं शेवटचं मोठं काम. लाकूड जरा लवकर यायला पाहिजे."

ते आलं गुलमंडीमागच्या एका गल्लीतून. कापडाचं जुनं दुकान पाडलं होतं, त्याच्या माडीच्या दारांच्या चौकटी हमीदभाईंनी उचलल्या आणि काकांना निरोप धाडला. नव्या लाकडापेक्षा भाव बराच कमी, माझ्या आवाक्यातला. चौकटी रंगाच्या थरांनी काळ्या पडल्या होत्या. काकांनी कानशीने एक कोपरा खरवडला, तर आत मधासारखा रंग. त्या दुपारी ते सणाला नवे कपडे मिळालेल्या मुलासारखे दिसत होते. खिळे उपसून, चिरून झाल्यावर त्यांनी हिशेब सांगितला, "दोन उभ्या, चार आडव्या. वर काडी उरत नाय. आता चुकायला लाकूड नाय, बाई."

नेमका त्याच आठवड्यात त्यांचा गुडघा सुजला. माझा जिना अरुंद आणि उभा. "माप तुम्ही आणा, हात माझा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन मी गेले तेव्हा ते औषध घेऊन झोपले होते आणि काकू विहारात वंदनेला गेल्या होत्या. साधी पट्टी खिळ्यावर नव्हती, बहुधा भुश्यात कुठे पडली असेल. टांगलेली होती ती मी काढली, घरी नेली, भिंतीतली जागा मोजली, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: रुंदी साडेसत्तेचाळीस इंच. पट्टी परत खिळ्यावर लावली आणि चिठ्ठी रंध्याखाली ठेवली.

चार दिवसांनी फळ्यांवर अंथरायचा कागद आणायचा म्हणून मी शिवणाच्या टेपने तीच जागा मोजली. अठ्ठेचाळीस भरली. पुन्हा मोजली. अठ्ठेचाळीस. भिंतीपलीकडून करवतीचा आवाज येत होता. आणि तेव्हा मला आठवलं, त्या दिवशी आकडे वाचायला पट्टी उलटी करावी लागली होती.

मी धावत गेले. चारही फळ्या कापून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. उभ्या फळ्यांना खाचा पाडल्या होत्या. आडवी फळी दोन्हीकडे पाव-पाव इंच खाचेत शिरायची होती. अर्धा इंच कमी भरली तर ती टेकणार कशावर? काका करवत पुसत म्हणाले, "काय बाई, तपासणीला आल्या?" चूक झाली असेल त्याने हात वर करावा, असं वर्गात वर्षानुवर्षं सांगणारी मी हात पदराखाली घेऊन उभी राहिले. सांगितलं तर ते स्वतःच्या पैशाने नवं सागवान आणतील, हे मला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर मला लाज वाटली. "छान झालंय," एवढं म्हणून मी परत आले.

रविवारी काका दर तीन पायऱ्यांना बसत माझा जिना चढले. गल्लीतल्या दोघांनी लाकूड वर आणलं. उभ्या फळ्या भिंतीला पक्क्या केल्या. मग पहिली आडवी फळी काकांनी खाचेशी लावली आणि तळहाताने ठोकली. मी खिडकीकडे बघत होते. लाकूड जरासं कुरकुरलं आणि काका म्हणाले, "बसली." चारही बसल्या. खाचांवरून त्यांनी बारीक पट्ट्या मारल्या, त्यामुळे आत काय आहे ते दिसेना. माझ्या मनात आलं, ऐन वेळी त्यांनी काहीतरी जोडून भागवलं असणार.

"बसल्या ना, बाई?" त्यांनी विचारलं. "मग तोंड का असं, नापास झाल्यावानी?"

"काही नाही, काका."

हातातल्या फडक्याची ते सावकाश घडी घालत राहिले. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. मग "बरं" म्हणून उठले.

मी फळ्यांवर कवितांची पातळ पुस्तकं लावली. शब्दकोशाचे जाड खंड मात्र जमिनीवरच ठेवले. बुद्धपौर्णिमेला काकू खीर घेऊन वर आल्या, त्यांनी ते पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी फाटकावरून काका ओरडले, "बाई, फळी सागवानाची हाय, पापडाची नाय!" मी हसले. पण खंड उचलून वर ठेवायचा धीर झाला नाही.

पावसाळा संपता संपता काका गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि बसल्या जागी गेले. काकू म्हणाल्या, "रंधा ठेवल्यावानी सगळं हलक्यानं खाली ठेवलं." पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हमीदभाई आले होते. मागच्या रांगेत बसले. जाताना मला म्हणाले, "बाई, अब भाव पूछने कौन आएगा?" लोक काकांच्या सचोटीबद्दल बोलत होते आणि मला दर वाक्याला ती फडक्याची घडी दिसत होती. एवढ्याशा गोष्टीचं एवढं ओझं होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात काकूंनी शेड आवरायला काढली आणि मला हाक मारली. "बाई, ह्या चिठ्ठ्या वाचून दाखवा. कामाचं असंल ते ठेवू." तारेतून एकेक काढून मी वाचत गेले. "पोळपाट, शेरा: लाटणारीला पसंत." "झोपाळ्याची फळी, शेरा: हमीदला भावात दोनदा हरवलं." काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग माझ्याच अक्षरातली चिठ्ठी हातात आली. रुंदी साडेसत्तेचाळीस इंच. खाली जाड पेन्सिलीने लिहिलं होतं, "शेरा: माप खोट्या पट्टीचं. त्याच पट्टीनं कापलं. बरोबर."

मोठ्या इंचांनी मोजलं होतं, मोठ्याच इंचांनी कापलं होतं. फळ्या मुळी कमी नव्हत्याच. मी बाकावर बसले.

"त्यांना ठाऊक होतं?" मी विचारलं.

"तवाच," काकू म्हणाल्या. "झोपून उठले, तर खोटी पट्टी सुलटी टांगलेली. मला म्हणले, बाईंनी लोखंडाचं माप आणलं बघ. मी म्हणलं, मग सांगा की त्यांना. तर म्हणले, सांगितलं तर त्या धा वेळा माफी मागतील आन् माझी करवत तेवढी थांबल. त्यांचं त्या सांगतील."

"मी नाही सांगितलं, काकू."

"ते बी म्हणले होते." काकूंनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, शेऱ्यावरून बोट फिरवलं आणि परत दिली. "म्हणले, शिकवणाऱ्याला लई जड जातं. राग नव्हता हो. रोज फाटकात उभे राहायचे, आज सांगतील म्हणून. आन् तुम्ही नुसतं 'काका, जेवलात का' विचारून जायच्या. आत येऊन पोट धरून हसायचे."

किती तरी दिवसांनी मी मोकळं हसले, आणि मग रडलेही. काकूंनी दोन्हीला हरकत घेतली नाही. निघताना त्यांनी खोटी पट्टी माझ्या हातात दिली. "न्या. माझ्या ओट्याचं वाटोळं केलंय तिनं."

घरी येऊन पुस्तकांच्या शेजारी एक खिळा ठोकला आणि पट्टी त्यावर पालथी टांगली. मग जमिनीवरचा शब्दकोशाचा पहिला खंड दोन्ही हातांनी उचलून मधल्या एका फळीवर ठेवला. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. शेवटचा ठेवताना सवयीने हात फळीखाली आधाराला गेला. तो मी काढून घेतला आणि थोडा वेळ बघत उभी राहिले. फळी हलली नाही.