ओढ्याचं पाणी आणि मी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

माझं काम समुद्राकाठी. गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथे पाण्यात नायट्रोजन वाढतो, शेवाळ माजतं, मासे गुदमरतात. तो नायट्रोजन येतो कुठून, हे आम्ही शोधतो. नायट्रोजनचे दोन प्रकार असतात — हलका आणि जड. रासायनिक खतातला हलक्याकडे झुकतो, शेणातला-मैल्यातला जडाकडे. त्या प्रमाणावरून माग काढत नदीच्या वरच्या अंगाला जायचं. तशी मी वर वर येत बीड जिल्ह्यात, सिंदफणेकाठच्या माझ्याच गावात पोचले.

त्या वर्षी गावच्या ओढ्यावर हिरवी साय धरली होती. मासे मेले होते. ओढ्याकाठी बौद्ध वस्ती, आणि वस्तीसाठी नवीच बांधलेली संडासं. गावानं ठरवूनच टाकलं — घाण त्यांचीच.

मी ओढ्याचं पाणी नेलं, तपासलं. पुन्हा नेलं, पुन्हा तपासलं. दरवेळी तेच — खत. ओढ्याच्या वर ऊस कुणाचा? आमचा. दादा युरियाची पोती मोजत नसे, ओतत असे.

मग ग्रामपंचायतीसमोर सगळे जमले. रेखा — माझ्या वर्गातली, वस्तीतली — पुढं येऊन म्हणाली, "समदे आमालाच बोलायलेत. तू तपासलंस ना? काय हाय ते सांग की."

दादा माझ्याकडे बघतही नव्हता. मला कुणी धमकावलं नाही, कुणी अडवलं नाही — हे लक्षात घ्या. मी नुसतं म्हणाले, "एवढ्यावरून पक्कं सांगता येत नाही."

किती शहाणं वाक्य, नाही? शास्त्रज्ञाला शोभणारं. पण मला पक्कं माहीत होतं.

संडासांना कुलूप लागलं. पुढे आतली भांडीही फोडली. बायका पुन्हा उसाच्या बांधानं जाऊ लागल्या. रेखाची आई, सोनामावशी — गुडघे आधीच गेलेले — त्या बांधावरून घसरून पडली. खुबा मोडला. ती परत उठली नाही.

मी भेटायला गेले होते. तिनं माझा हात धरला. "तू लई लांब समुद्रावर असतीस म्हणं. तिथलं पाणी तरी चांगलं हाय का, माय?"

मी म्हणाले, हो. तेही खोटंच.

त्याच हिवाळ्यात परदेशातल्या एका परिषदेत मी आमच्या ओढ्याचे आकडे पडद्यावर दाखवले. खत, मी ठणकावून सांगितलं. शंकेला जागा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे सांगताना जीभ अडखळली नाही — तिथे कुणाला रेखा माहीत होती? कुणाला दादा माहीत होता?

भीती होती असंही म्हणवत नाही. कशाची भीती? दादा फार तर रुसला असता. जेवणं जरा गप्प झाली असती. एवढंच मला नको होतं. त्यासाठी मी ते वाक्य बोलले.

मावशी गेली तेव्हा मी गेले नाही. काम आहे म्हणाले.

रेखाचा अजून फोन येतो. पोरांची चौकशी करते, तब्येतीला जप म्हणते. त्या दिवसाचा विषय मात्र ती कधी काढत नाही. तिला वाटतं, मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं.