तळाचं की तळ्याचं?

"तळ्याचंच काम हाय न्हवं, सायेब?"

हौसाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांच्या अंगठ्याला माझ्या पॅडची निळी शाई लागली होती आणि अंगठा कागदाच्या वीतभर वर थांबला होता. पारावर गाव जमलेलं. मी कागदाकडे बघत म्हणालो, "हो, तळाचंच."

अंगठा उमटला.

पंचवीस वर्षं होत आली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. नोकरीतल्या गमतीजमती मी पुष्कळ सांगतो. ही गंमत नाही म्हणून राहिली.

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरकडच्या कर्जत तालुक्यात ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे जागेवर उभं राहून मोजमाप घेणारा, आखणी करणारा, खालच्या पायरीवरचा इंजिनिअर. नोकरीला चार वर्षं झाली होती, पण टेम्पररी. सरकार गावोगाव दुष्काळी कामं काढत होतं. आम्ही त्यांना स्कॅरसिटीची कामं म्हणायचो. लोकांच्या हाताला काम मिळावं आणि मागे काहीतरी उपयोगाचं उरावं, हा हेतू. गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

त्या गावाच्या माळावर इंग्रजांच्या वेळच्या लढाईतली एक धावपट्टी होती. लढाई संपली आणि पट्टी बंद पडली. लोक तिच्यावर खळी करत, शेळ्या चारत. विमानाला तिकडे 'इमान' म्हणतात, म्हणून ती 'इमानाची पट्टी'. पट्टीच्या खालच्या अंगाला ओढा आहे. आदल्या हिवाळ्यात त्याच ओढ्यावर मी पाझर तलावाचा सर्व्हे केला होता. पाझर तलाव हा पाणी भरून ठेवायचा तलाव नव्हे. ओढा मातीच्या बांधाने अडवायचा, पाणी जमिनीत मुरू द्यायचं, खालच्या विहिरींना ते आपोआप मिळतं. चाचणीचे खड्डे घेतले. जागा चांगली निघाली. खुंट्या ठोकल्या.

हौसाबाईंची वस्ती ओढ्याच्या बरोबर खाली. विधवा बाई, बायकांच्या टोळीची पुढारी, तोंडाने फटकळ. त्यांच्या विहिरीचा तळ तेव्हा कोरडा दिसत होता. पाणी आणायला नात कोसभर जायची. मी खड्डे घेत असताना त्या रोज येऊन बसत. "सायेब, हितं पानी मुरलं तर माजी हीर सुटंल का?" मी म्हणालो होतो, सुटेल, पाणी येईल. ते मात्र खरं होतं. गावाने त्या न झालेल्या तलावाला नावही देऊन टाकलं. इमानाच्या पट्टीजवळचं तळं, म्हणून इमानतळं. बोलता बोलता मीही तेच म्हणू लागलो.

मार्चमध्ये डेप्युटी इंजिनिअर साहेबांनी बोलावलं.

"ती माळावरची बंद पट्टी पुन्हा चालू करायचीय. स्कॅरसिटीत बसवू. वर बोलणं झालंय. रिपोर्ट आणि एस्टिमेट दे."

मी रिपोर्ट लिहिला. या पट्टीवर कोणतं विमान उतरणार आहे हे प्रस्तावात कुठेच नाही. गावाला एकच काम मिळणार असेल तर तलाव घ्यावा. पट्टीवर सार्वजनिक पैसा खर्च करणे योग्य वाटत नाही. साहेबांनी शेवटच्या वाक्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला.

"योग्य वाटत नाही. कुणाला वाटत नाही?"

"मला, साहेब."

"तू कोण? अरे, रस्ते केले तेव्हा गाड्या होत्या का? आधी रस्ता, मग गाडी. आधी पट्टी, मग विमान. उद्या इथे कारखाना येईल, बाहेरचे लोक येतील. ते काय बैलगाडीतून येणार?"

"पण साहेब, पाणी..."

"पाणी देव देतो. विमान देव देत नाही." ते स्वतःच हसले. मग हसू आवरून म्हणाले, "गावाची संमती लावून आण. कायम करायच्या लोकांची यादी माझ्याच टेबलावर आहे. नको असेल तर भंडारदऱ्याकडे एक जागा रिकामी आहे. तिथे बस पाऊस मोजत."

साहेबांचं म्हणणं सगळंच खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. मागास भागाला विमान का नको? तो वाद घालण्यासारखा होता. गावासमोर घातला असता आणि हरलो असतो, तर त्यात लाज नव्हती. मी वाद घातलाच नाही.

कागद मीच तयार केला. 'विमानतळाचे काम दुष्काळी काम म्हणून घेण्यास आमची संमती आहे. गावातील अन्य प्रस्तावित काम तूर्त न घेतल्यास आमची तक्रार नाही.' पारावर उभा राहून मी तो भरभर वाचला. 'विमानतळाचे' म्हणताच मागे कुणीतरी मांडीवर थाप मारली. "आलं गड्या इमानतळं!" बायका एकमेकींकडे बघून हसल्या. दुसरं वाक्य कुणी ऐकलंच नाही.

लोकांचा समज काय झालाय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. इथे मला पळवाट नाही. आणि तरी एका बाईने पुन्हा पुन्हा विचारून मला संधी दिली. तळ म्हणजे जागा, तळं म्हणजे पाणी. तळाचं आणि तळ्याचं, मध्ये एक 'य'. तो मी गिळला.

काम सुरू झालं त्या सकाळी मी पट्टीवर चुन्याची फक्की मारत होतो आणि एकही बाई आली नव्हती. सगळ्या खाली ओढ्यात, पाट्या आणि कुदळी घेऊन, माझ्या जुन्या खुंट्यांजवळ बसलेल्या. मला खाली जावं लागलं.

"आज वर काम आहे, पट्टीवर," मी म्हणालो.

"आन् तळं?" हौसाबाई.

"हे आधी. ते नंतर."

"तसं व्हय. मग ठीक हाय." त्यांनी पाटी उचलली. बाकीच्या मागून चढल्या.

संध्याकाळी शमुवेल मास्तर आले. गावातल्या शाळेचे शिक्षक, ख्रिस्ती, कमी बोलणारे. संमतीच्या दिवशी ते नगरला गेलेले होते. त्यांनी कागद बघायला मागितला. नाही म्हणता येईना. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"हा वाचून दाखवला होता?"

"दाखवला होता."

"मग बाया ओढ्यात कशा गेल्या?"

मी मोजणीची टेप गुंडाळू लागलो.

"ओव्हरसियरसाहेब, चौथीतलं पोर तळाचं आणि तळ्याचं यात चुकलं, तर मी त्याच्याकडनं पाच वेळा लिहून घेतो. तुम्ही एकदाच लिहा. लोकांचा समज वेगळा झालाय, संमती पुन्हा घ्यावी लागेल, असं वर कळवा. खाली मी सही करतो. अजून काही बिघडलं नाही."

"उद्या लिहितो."

दुसऱ्या दिवशी ते आले. मी म्हणालो, साहेब दौऱ्यावर आहेत. तिसऱ्या दिवशी म्हणालो, टाइप करायला दिलंय. चौथ्या दिवशी ते पट्टीच्या कडेला नुसते उभे राहिले.

"इकडची पोरं विमानाला इमान म्हणतात," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं त्यांचा शब्द सुधारत आलो. इमान म्हणजे सचोटी, निराळा शब्द आहे, म्हणून." एवढं बोलून गेले. पुन्हा आले नाहीत.

पत्र मी लिहिलं होतं. लिहिलंच नाही असं नाही. ते माझ्या मोजमापाच्या वहीत घडी घालून महिनाभर पडून होतं. मग मी कायम झाल्याची ऑर्डर आली आणि पत्राची घडी मी पुन्हा उघडली नाही. साइटवर पेढे वाटले. हौसाबाईंनी अर्धा खाल्ला आणि अर्धा नातीसाठी पदराला बांधला. "लेकरा, आता मोटा सायेब झालास. तळ्याचं तेवडं बघ." मी मान हलवली.

पट्टी झाली. चांगली झाली, ते माझं काम होतं. दसऱ्याच्या सुमारास एक लहान विमान उतरलं. पाहुणे होते, हार होते, साहेब नव्या टोपीत होते. ज्यांनी मुरूम वाहिला होता त्या बायकांना दोरीमागे रांगेत उभं केलं होतं. तासाभरात विमान परत निघालं. धूळ उडाली, ते वर गेलं आणि बारीक झालं.

हौसाबाई माझ्या मागेच होत्या.

"सायेब, हे व्हय तुमचं तळं?"

मी वळलो नाही.

"लई भारी हाय की. उडून बी जातंय."

बायका खदखदून हसल्या. साहेबांनी लांबून बघितलं, काय विनोद झाला म्हणून. आणि मी हसलो. अंगठ्याची मला लाज वाटते, पत्राचीही वाटते. पण रात्रीअपरात्री नाही, भर दुपारी फाइल वाचताना जे आठवतं, ते हे हसणं.

दुसरं विमान माझ्या माहितीत तिथे उतरलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. ओढ्याने माझ्या खुंट्या वाहून नेल्या, पाणीही गेलं. मी तलावाचा प्रस्ताव पुन्हा पाठवला. तेव्हा मी कायम होतो, धीर आला होता. फाइल शेरा होऊन परत आली: 'सदर गावास काम दिलेले आहे. संमतीपत्र सोबत.' संमतीपत्र सोबत जोडलेलं होतं. निळे अंगठे होते, वरून तिसरा हौसाबाईंचा. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी वस्ती मोडली आणि नातीला घेऊन शेवगावकडे लेकीच्या गावी गेल्या. मी भेटायला गेलो नाही.

आता मी स्वतः डेप्युटी इंजिनिअर आहे. माझ्या हाताखालची पोरं संमतीचे कागद आणतात. मी विचारतो, वाचून दाखवलात का? ती म्हणतात, हो साहेब. मग मी विचारतो, त्यांनी परत काय विचारलं? बहुतेक जण इथे अडखळतात. समोरच्याला कागद कळला की नाही, हे वाचणाऱ्याला तिथेच कळतं, एवढंच मी या नोकरीत शिकलो. बाकीचं पुस्तकात आहे.

मागच्या महिन्यात कामानिमित्त त्या बाजूला एसटीने गेलो. माळ आला तसा कंडक्टर ओरडला, "तळं! कोन हाय तळ्याचं?" पट्टीजवळच्या थांब्याला गाव हेच म्हणतं. माझ्यापुढे एक नवखा माणूस बसला होता. त्याने खिडकीतून वाकून दोन्हीकडे बघितलं आणि मला विचारलं, "तळं कुठं आहे हो?"

"झालं नाही," मी म्हणालो. "पट्टी झाली. कागद मी आणला होता."

त्याला काही कळलं नसावं. त्याने मान डोलावली आणि तो उतरला.