पेट्यांपुरती जागा

अकोल्याहून पेट्या आल्या तेव्हा मी शाळा सुटल्यावर अमरावतीच्या सरकारी ग्रंथालयाच्या ओट्यावर उभा होतो. गाडीवान तेल्हाऱ्याचा किसन. त्याने बैल सोडले नाहीत, पाणीही मागितले नाही. "मास्तर, पेट्या उतरवून घ्या," एवढे म्हणून तो जरा थांबला. "कादरमियाँ गेले... पटकीनं. अकोल्यातच माती देली." ग्रंथालयाचे कारकून कादरमियाँ याच पेट्या आणायला गेले होते.

तेल, कागद, चटया, बांधणी, सगळे कादरमियाँच पाहत. खर्चाची मंजुरी जुनीच आणि भाव कापसाच्या तेजीचे. जो तो तीळ-जवस सोडून कापूस पेरू लागला, तेव्हा दिव्याचे तेल महागले. पुठ्ठ्यावर चढवायच्या कापडाला तर हात लावायची सोय उरली नाही. कापसाच्या मुलखात कापड मिळू नये, याचे त्यांना भारी हसू येई. बांधणीची खळ ते घरच्या चुलीवर शिजवत, किडीसाठी तिच्यात विषारी मोरचूद घालत, आणि त्या पातेल्यावरून त्यांची बायको अमिनाबी रोज भांडत. मी चिडवायचो, "मियाँ, जन्नतमध्येही तुम्ही तेल मापूनच घ्याल." पण दिवेलागणीनंतर वाचायला कोणी आले की वात वर सारताना त्यांचा हात आखडत नसे. दिवसभर राबणारा माणूस अंधार पडल्यावरच येणार, असे त्यांचे म्हणणे.

तेजीत छप्पर दिसले की लोकांना वखार दिसे. एका दलालाने आमचे दालन कापूस भरायला भाड्याने मागितले. ग्रंथालयावरच्या सरकारी साहेबांना ते पटले, भाड्यातून पुस्तके घेता येतील म्हणून. कादरमियाँ मात्र भडकले. "मास्तर, कापसाचं भाडं येऊ लागलं का मंग घरवाला कापूस, अन् पुस्तकं भाडेकरू!" शेवटी साहेब म्हणाले, मुंबईहून मागवलेली पुस्तके उन्हाळ्याआधी फळीवर लागली तर दालन राहील, नाहीतर कापूस. पुस्तके अकोल्यापर्यंत आली आणि तिथेच अडकली.

कारण गाड्या. साऱ्या वऱ्हाडच्या गाड्या कापूस घेऊन पश्चिमेला चाललेल्या. परतताना त्या रिकाम्या असत, पण पुढच्या खेपेच्या घाईत सरकारी भाड्यासाठी थांबतो कोण? कादरमियाँनी यावर आपली रीत काढली होती. संध्याकाळी गाडीतळावर जाऊन ते गाडीवानांना वर्तमानपत्रातले मुंबईचे कापसाचे भाव वाचून दाखवत. दलाल भाव दडवत, ते कादरमियाँ उघड करत. त्याच्या बदल्यात गाडीवान ग्रंथालयाचे सामान फुकट आणत. या वेळी मात्र अकोल्यात पटकीची साथ पसरलेली, गाडीवान तिकडे थांबायला धजेनात. मी म्हटले, जाऊ नका. चपला घालता घालता ते म्हणाले, "पुस्तकाले पाय नसतात, मास्तर."

पुढचे किसनने सांगितले. ओळखीच्या कादरमियाँसाठी तो थांबला. पेट्या चढवून झाल्या आणि ते चाकाला टेकून खाली बसले. उलट्या सुरू झाल्या. किसन पेट्या उतरवायला लागला, त्यांना गाडीत निजवून घरी आणावे म्हणून. त्यांनी त्याचा हात धरला. "काहून उतरवतं? पुन्हा गाडी भेटणार नाही. मले इथंच राहू दे." किसन त्यांच्यापाशीच थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले... हे लिहितानाही मला त्यांचा राग येतो. इतका हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि इतका जिवलग तर आता मिळायचाच नाही.

पुस्तके वेळेत फळीवर लागली. साहेबांनी येऊन पाहिले, दलालाला नकार गेला. ते सांगायला मी अमिनाबींकडे गेलो. चुलीपाशी खळीचे पातेले तसेच होते, आतली खळ वाळून तडकलेली. त्यांनी ते घासले नव्हते. सगळे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, गाडीत पेट्यांले जागा झाली. माणसाले नाही झाली काय?"

मी उठलो. ग्रंथालयात परत आलो.

आता वात मी लावतो. दालन भरते. लोक ती नवी पुस्तके हातोहात नेतात, चांगली आहेत म्हणतात. असतील. मी त्यातले एकही अजून उघडलेले नाही.